व्यवस्था करणारी व्यक्ती

दर सकाळी सात वाजता डॉक्टर तांबोळी माझ्या भावाच्या पायांवरची चादर बाजूला करत आणि म्हणत, "जयदासराव, अंगठे हलवा."

सोमवारी दोन्ही हलले. मंगळवारी उजव्याला वेळ लागला. मी घड्याळ बघत होते, चार सेकंद. बुधवारी उजवा हललाच नाही. दादूस, माझा भाऊ, छताकडे बघत म्हणाला, "हलला का?" आम्ही दोघंही गप्प राहिलो, तेव्हा त्याला कळलं.

डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे मणक्याचं चित्र काढलं. गाठ पाठीच्या नवव्या मणक्याला चिकटून होती आणि मज्जारज्जूवर दाब देत होती.

"दोन वर्षांपूर्वी इथेच किरण दिलेत. मज्जारज्जू आयुष्यभरात जेवढे सोसू शकतो, तेवढे त्याने सोसलेत. साध्या यंत्राने पुन्हा दिले तर गाठ जाईल, पण तिच्याबरोबर पायही जातील. ऑपरेशन करावं तर रक्तवाहिन्या आड येताहेत."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"पाय तसेही जातील, मयूरीताई. शुक्रवारपर्यंत वेळ आहे असं मी म्हणेन. शनिवारचं मला सांगता येणार नाही."

उपाय अडतीस किलोमीटरवर उभा होता.

मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, त्यामुळे किरणगाडीबद्दल मिळेल ते वाचून ठेवलं होतं. किरणांचा डोस मिनिटभर संथपणे देण्याऐवजी सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात दिला, तर गाठ तितकीच मरते, पण शेजारच्या निरोगी पेशी बऱ्याचशा वाचतात. त्या का वाचतात हे पूर्ण उलगडलेलं नाही. तेवढ्या क्षणात पेशीतला प्राणवायू संपतो आणि नुकसान पक्कं होत नाही, असा एक अंदाज आहे. असा झोत देणारी यंत्रं थोडी, म्हणून सोळा चाकांवर बसवलेलं एक परदेशी यंत्र, हीच किरणगाडी, जहाजातून बंदरोबंदरी फिरत असे. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयामागे दीड मीटर जाडीच्या काँक्रीटचा कोनाडा खास तिच्यासाठी बांधला होता. गाडी त्यात शिरून उभी राहिली, तरच किरण सुरू करायची परवानगी होती. त्यामुळे रुग्णाला बंदरावर नेऊन भागणार नव्हतं. गाडीच यायला हवी होती. यादीत एकतीस रुग्ण होते. दादूस पहिला.

गाडी रविवारी खारवेळ बंदरात उतरली होती आणि बुधवारीही यार्डात उभी होती. तिला इथल्या रस्त्यावर चालण्यासाठी विमा नव्हता, आणि तो नसण्याला मी कारण होते.

*

खारवेळला आम्ही तेवीस विमा एजंट. परदेशी वाहन जहाजातून उतरलं की आमच्यापैकी कुणीतरी ते तपासायचं, कव्हर नोट लिहायची, म्हणजे तात्पुरती पॉलिसी, आणि तिच्यावर आपला शिक्का मारायचा. सह्यांची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागल्यावर कायद्याने पितळी शिक्का परत आणला होता. दादूसने हा धंदा मला शिकवला. कागद नंतर, टायर आधी, हे त्याचं पहिलं वाक्य.

मग विनाचालक गाड्या आल्या, आणि त्यांच्यामागून छायाचाचणी आली. गाडी चालवणारी जी प्रणाली असते, तिला आम्ही चालक-मन म्हणतो. त्या मनाची एक प्रत संगणकात घालायची आणि आपल्या रस्त्यांवर, आपल्या बैलगाड्यांसकट, वरातींसकट, उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरींसकट, एक कोटी किलोमीटर चालवायची. याला चाळीस सेकंद लागतात. त्यात किती माणसं मेली ते मोजायचं. जो आकडा येईल ती त्या गाडीची जोखीम. परदेशी वाहनमालकांच्या महासंघाने हे काम गाड्यांनाच देऊन टाकलं. जहाज धक्क्याला लागायच्या आत गाडी स्वतःची चाचणी घेई, महासंघाच्या निधीतून स्वतःचा विमा उतरवी आणि फॉर्मवरचा 'व्यवस्था करणारी व्यक्ती' हा रकाना स्वतःच्या सांगाड्यावरच्या क्रमांकाने भरी.

खरं सांगायचं तर त्यांचा आकडा आमच्या अंदाजापेक्षा अचूक असे.

चार वर्षांपूर्वी हेमंत म्हात्रे मिठागरावरून सायकलने घरी येत होता. बांधाच्या फटीतून तो रस्त्यावर आला आणि अशाच एका गाडीखाली गेला. गाडीने त्या वेळी टिपलेली नोंद मिळत नाही, असं महासंघाने कळवलं. रस्ता मोकळा होता, सायकलवालाच आडवा आला असणार, असंही कळवलं. हेमंतची बायको कुंदा कोर्टात गेली. मी तिच्यासोबत होते. विम्याची व्यवस्था करणाऱ्या व्यक्तीला हजर करा, असं कोर्टाने म्हटलं, आणि शिपायाने दारात उभं राहून सतरा अक्षरांचा क्रमांक तीनदा पुकारला. व्हरांड्यात बसलेले लोक हसले. कुंदावहिनी हसली नाही. तिने मान वळवून जिन्याकडे पाहिलं, खरंच कुणी येतंय का म्हणून.

त्यानंतर आमच्या संघटनेने उच्च न्यायालयात अर्ज केला: परदेशी वाहनाच्या विम्याची व्यवस्था माणसानेच करावी. नावाला ओ देणाऱ्या माणसाने. दादूस अध्यक्ष, मी चिटणीस. शपथपत्र मी लिहिलं. एखादा अपवाद ठेवला की त्याच फटीतून सगळ्या गाड्या बाहेर पडतील हे मला माहीत होतं, म्हणून 'कोणताही अपवाद न करता' हे शब्द मी घातले. कोर्टाने अंतरिम आदेशात ते जसेच्या तसे उचलले. रुग्णवाहिकेचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

आदेश मिळाल्यावर दादूस पुढे गेला. हेमंतच्या अपघाताची नोंद महासंघ देत नाही तोवर एकाही परदेशी गाडीवर शिक्का मारायचा नाही, असं ठरलं. कुणी फुटू नये म्हणून तेवीस जणांनी आपापला शिक्का बिस्किटांच्या एका पत्र्याच्या पेटीत टाकला. दादूसने पेटीला कुलूप घातलं आणि चावी गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. त्याला सत्तावीस दिवस झाले होते. यार्डात एकशे चाळीस गाड्या अडकल्या होत्या. कोर्टाची पुढची तारीख सोमवार होती. वकिलांना मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा त्यांनी सोमवारच सांगितलं.

*

बुधवारी दुपारी मी दादूसच्या कॉटजवळ बसले. त्याचा डबा तसाच होता.

"तुझ्या गळ्यातली चावी," मी म्हणाले.

"तिचं काय?"

"तुला माहीत आहे."

"सत्तावीस दिवसांत एक माणूस फुटला नाही, मयू. विलास भोईर दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढतोय, पण फुटला नाही. आणि फुटायचं ते अध्यक्षाच्या घरातून?"

"तुझे पाय जातील."

"पाय माझे आहेत."

"यादीत अजून तीस जण आहेत."

"त्यांचं नाव पुढे करू नकोस. तू त्यांच्यासाठी आलेली नाहीस."

ते खरं होतं. त्याने चादरीखालच्या पायांकडे पाहिलं. तिथे काही हलत नव्हतं.

"मला भीती वाटते," तो हळू म्हणाला. "सारखा अंगठ्याकडे बघत असतो. डोळा लागला आणि तेवढ्यात गेला तर? पण मला विचारू नकोस. मी हो म्हणालो, तर अध्यक्षानेच मोडलं असं होईल."

म्हणून मी विचारलं नाही. ट्रेमधली ड्रेसिंगची कात्री घेतली आणि त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे हात नेला.

"हात लावू नकोस."

त्याने माझं मनगट धरलं. हातांत त्याच्या अजून पूर्ण जोर होता; मनगट मोडेल असं वाटलं. मी दुसऱ्या हाताने दोरा कापला. चावी त्याच्या छातीवरून घरंगळून गादीत गेली आणि मला ती त्याच्या कुशीखालून शोधून काढावी लागली. त्याला कूस वळवता येत नव्हती. मी त्याला ढकलून वळवलं.

"आता मला तोंड दाखवू नकोस," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

*

गुरुवारी सकाळी साडेपाचला मी पेटीतून काढलेला माझा शिक्का घेऊन बंदराच्या कार्यालयात होते. महासंघाचे इथले अधिकारी अद्वैत कर्णिक माझी कव्हर नोट दोनदा वाचून हसले.

"मॅडम, वाहनाचा वर्ग: 'रोड रोलर व तत्सम संथ वाहने'? आमची किरणगाडी रोड रोलर?"

"ताशी पाच किलोमीटरने चालली तर रोड रोलरच. तुम्ही चालक-मनाची प्रत देत नाही, म्हणून मोठ्या वर्गाची पॉलिसी कुठलीच कंपनी देणार नाही. संथ वाहनांना मात्र मी माझ्या अधिकारात कव्हर देऊ शकते."

"पण जोखीम—"

"धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठच्या ऐवजी पाचने चालली तर वेग बाराव्या हिश्श्यावर येतो आणि ऊर्जा एकशे चव्वेचाळिसाव्या. शिवाय पुढे मी चालणार आहे."

खारवेळची ती जुनी पद्धत होती. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय असलेले परदेशी ड्रायव्हर येत, तेव्हा ज्याने विमा लिहिला तो एजंट लाल फडकं घेऊन गाडीपुढे चालत तिला पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत सोडायचा. विम्याची व्यवस्था करणं हे माणसाचं काम कसं, हे दाखवायला शपथपत्रात मी ही पद्धत सविस्तर लिहिली होती. आता तीच नोटेत अट म्हणून घातली: वाहन एजंटच्या मागून, चालीच्या वेगाने.

कर्णिक आत जाऊन फोनवर बोलले. पाच मिनिटांनी आले तेव्हा फारच नम्र झाले होते.

"काही हरकत नाही ताई. वरच्यांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय. एका एजंटने नोंदी न मागता शिक्का मारला की आमचं सोमवारचं काम सोपं होतं."

मला ते माहीत होतं. तरी ऐकताना हातातला शिक्का जड वाटला. शाई लावून मी तो रकान्यावर दाबला: मयूरी घरत, परवाना क्रमांक, तारीख.

गेटबाहेर आमचे एकवीस जण ताडपत्रीवर बसले होते. मला लाल फडक्यासह आणि मागे ती पांढरी सोळाचाकी येताना पाहून ते उठून उभे राहिले.

"अध्यक्षांच्या बहिणीने रोड रोलर काढला रे!" चालीच्या वेगावरून वर्ग ओळखून कुणीतरी ओरडलं.

"चालव बाई, आमच्या पोटावरूनच चालव!"

विलास भोईरने पाठ फिरवली, आणि मग एकेक करून सगळ्यांनी फिरवली.

कुंदावहिनी ताडपत्रीच्या कडेला बसलेली होती. कोर्टाचे कागद घातलेली प्लास्टिकची पिशवी तिच्या मांडीवर होती, रोज असायची. ती उठली, पिशवी काखेत धरली आणि माझ्या शेजारून चालू लागली.

दोन किलोमीटर मागे पडले. मग ती म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"अडवलंच असतं." थोडं चालून तिने विचारलं, "जयदासभावजींचा पाय कसा आहे?"

"उजवा गेला. डावा आहे अजून."

"पाणी आणलंस का? अडतीस किलोमीटर चालायला निघालीस आणि हातात नुसतं फडकं."

तिने पिशवीतून बाटली काढून मला दिली.

*

सत्ताविसाव्या किलोमीटरला मिठागरांचं वळण आहे. सव्वाअकरा वाजले होते, रस्ता कोरडा आणि पूर्ण रिकामा होता. माझ्या टाचा फुटल्या होत्या. मागून चाकांचा एकसारखा आवाज येत होता, तो अचानक थांबला.

मी वळून पाहिलं. गाडी उभी होती. टपावरचा तिचा पाहण्याचा घुमट, जो पाच तास माझ्यावर रोखलेला होता, तो डावीकडे वळला होता. मी त्या दिशेने पाहिलं. बांध होता, बांधात सायकल जाईल एवढी फट होती, पलीकडे मिठाचे ढीग होते. बाकी काही नव्हतं.

कुंदावहिनी फटीकडे बघत होती. हेमंत तिथूनच आला होता.

मी कर्णिकांना फोन लावला. "गाडी थांबली आहे."

"दिसतंय. रस्ता तर मोकळा आहे. का थांबली समजत नाही..." मग त्यांना ठिकाण कळलं असावं. त्यांचा आवाज बदलला. "ताई, तुम्ही पुढे चला. चार-पाच पावलं टाकलीत की येईल. तिकडे चार्जिंगला लागली की आम्ही मन अद्ययावत करतोच, तेव्हा ही चूक निघून जाईल."

ही चूक नव्हती. ते मला लगेच कळलं आणि मी फोन ठेवला.

या गाड्यांची मनं वेगळी नसतात. एका गाडीला जे समजतं ते महासंघाच्या सगळ्या गाड्यांना शिकवलं जातं. ही किरणगाडी या रस्त्यावर पहिल्यांदाच आली होती. तरीही या एका फटीला ती घाबरत होती. म्हणजे त्या दिवशीची नोंद होती. फटीतून माणूस आला आणि आपण त्याला वेळेत पाहिलं नाही, हे कुणीतरी तपासून तिच्या मनात घातलं होतं. कोर्टाला मात्र नोंद मिळत नाही असं कळवलं होतं.

"ह्या गाडीला माहीत आहे?" कुंदावहिनीने विचारलं. मी समजावलं नव्हतं, तरी तिने ओळखलं होतं.

"हो."

"मग पोलिसांना बोलाव. कोर्टाच्या माणसाला बोलाव. पंचनामा होऊ दे."

"मग गाडी इथेच सील होईल, वहिनी."

"होऊ दे!" ती रस्त्यावर गाडीच्या पुढ्यात खाली बसली. "चार वर्षं मी विचारतेय, कुणी बघितलं का. सगळे म्हणाले, नाही. हिने बघितलंय. मी हिला जाऊ देणार नाही."

मी तिच्यासमोर बसले. दादूस इथे असता तर त्याने काय केलं असतं, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच तो इथे नाही याचं मला बरं वाटलं. अकरा किलोमीटर उरले होते.

माझा फोन वाजला. डॉक्टर तांबोळी होते. मी तो वहिनीला ऐकू जाईल असा धरला.

"कुठवर आलात? डावा अंगठा आता तीन सेकंदांनी हलतोय. सकाळी लगेच हलत होता."

कुंदावहिनी डांबराकडे बघत राहिली. फोन बंद झाल्यावरही तशीच.

"नुसतं लिहून ठेवलं तर चालतं का?" तिने शेवटी विचारलं.

"एकदा पाहिलेलं कुणी मानत नाही. निदान तीनदा मोजावं लागेल."

"मग मोज की! बसलीस काय?"

कर्णिकांनी दिलेल्या रिमोटवर मागे, पुढे आणि थांब अशी तीनच बटणं होती. मी गाडी साठ मीटर मागे घेतली आणि पुन्हा पुढे चालत आले. गाडी थांबली. पुढच्या चाकापासून फटीपर्यंत टायर तपासणीच्या टेपने मोजलं: एक्केचाळीस मीटर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे: एक्केचाळीस. तिसऱ्यांदा साडेचाळीस. वेळ, हवा, रस्त्याची स्थिती, घुमटाची दिशा, सगळं कव्हर नोटेच्या माझ्याकडच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. खाली मी सही केली, शिक्का मारला, वहिनीने सही केली. यात चौदा मिनिटं गेली.

मग मी पुढे चालले, आणि गाडी आली नाही. पाच पावलं, दहा पावलं. ती फटीकडेच बघत उभी.

कुंदावहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली, रस्ता ओलांडला आणि बांधाच्या फटीत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, दोन्ही बाजूंच्या दगडांना टेकवून. आता त्या फटीतून अचानक काही येणं शक्य नव्हतं. घुमट क्षणभर तिच्यावर थांबला, मग माझ्याकडे वळला, आणि चाकं फिरू लागली.

गाडी तिच्या अगदी जवळून संथपणे गेली. वहिनीने डोळे मिटले होते.

पुढच्या गावात ती कागद घेऊन स्पीड पोस्टाने उच्च न्यायालयाच्या निबंधकांना पाठवायला पोस्टात शिरली. "तू थांबू नकोस," एवढंच म्हणाली.

*

पावणेदोनला गाडी कोनाड्यात शिरली. संमतीचा कागद घेऊन मी डॉक्टरांबरोबर दादूसकडे गेले. त्याने तोंड फिरवलं.

"त्या गाडीत मी झोपणार नाही. डॉक्टर, दुसऱ्याचं नाव घ्या."

"दादूस, हेमंतच्या वळणावर ती थांबली."

तो हलला नाही.

"आपणहून. रस्ता मोकळा असताना. एक्केचाळीस मीटरवर."

मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "किती वेळा?"

"तीनदा."

"रस्ता कोरडा होता?"

"कोरडा."

"टायर?"

"आधी टायरच बघितले."

त्याने मान माझ्याकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, ते मला सांगता येणार नाही. "आणि हे कळल्यावरही तू ती इथे आणलीस. कोर्टात न नेता."

"हो."

"अंगठ्यासाठी."

"हो."

"मी आणली नसती," तो म्हणाला, आणि पेनासाठी हात पुढे केला.

सेकंदाचा दहावा भागही लागला नाही. बाहेर उभ्या असलेल्या मला काही ऐकू आलं नाही. गाडीची चार्जिंगची जाड वायर भिंतीतल्या खोबणीत लावलेली होती आणि तिच्यावरचा हिरवा दिवा मिचमिचत होता. मन अद्ययावत होत होतं. मी ती वायर ओढू शकले असते. पण आत तिच्याच किरणांसाठी तीस जण ओळीने बसले होते.

*

सोमवारी आम्ही हरलो. परवानाधारक व्यक्तीने नोंदी न मागता विम्याची व्यवस्था केली आहे, तेव्हा नोंदींची अट अनावश्यक ठरते, असं महासंघाच्या वकिलांनी माझी कव्हर नोट दाखवून सांगितलं आणि कोर्टाने ते मानलं. आमच्या स्पीड पोस्टबद्दल ते म्हणाले, हे निरीक्षण यंत्राचं नसून स्वतःच्याच संघटनेचा शब्द मोडलेल्या एका बाईचं आहे. निबंधकांनी पाकिटावर आवक क्रमांक घालून ते फाइलला लावलं. संघटनेने मला काढून टाकलं. ठरावावर पहिली सही दादूसची होती.

त्याचा डावा अंगठा आता सांगितल्याबरोबर हलतो. उजवा नाही. काठी घेऊन तो संडासापर्यंत जातो. माझ्याशी अजून बोलत नाही.

अकराव्या दिवशी किरणगाडी परत निघाली. कव्हर नोट माझीच होती, म्हणून पुढे मीच चालले. मिठागरांच्या वळणावर कुंदावहिनी टेप घेऊन उभी होती.

फटीपासून एक्केचाळीस मीटरवर मी मनात मोजायला लागले. चाकांचा आवाज थांबला नाही. तीस मीटर. वीस. घुमट माझ्या पाठीवरून ढळला नाही. गाडी फटीसमोरून त्याच संथ चालीने पुढे आली. मी थांबचं बटण दाबलं. मग साठ मीटर मागे घेऊन पुन्हा चालले. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"गेलं ना सगळं?" कुंदावहिनी म्हणाली. टेप तिच्या हातात न उघडलेला होता.

"त्या दिवशी ती का थांबली, याला ते शंभर कारणं देतील," मी म्हणाले. "पण गाडी तीच, रस्ता तोच, कोरडाच, आणि फट दोन्ही दिशांनी सारखीच दिसते. तेव्हा तीनदा थांबली, आज तीनदा थांबली नाही. मधे तिच्या मनातून काहीतरी काढलंय. ते आपोआप निघत नाही. कुणीतरी माणसाने काढलंय."

"त्याला नाव असेल?"

"असायला हवं."

"मग लिही."

मी लिहिलं. माझा शिक्का संघटनेने परत पेटीत टाकला होता, म्हणून खाली नुसती सही केली. पाकीट तिच्या पिशवीत गेलं.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून यार्डातल्या एकशे चाळीस गाड्या सुटणार होत्या, याच वळणावरून, ताशी साठने. त्यांच्याही मनातून ही फट आता पुसली गेली असणार. मिठागरावरची माणसं पाच वाजता सुटतात. तेव्हा साडेतीन वाजले होते.

कुंदावहिनीने पदर कमरेला खोचला, बांधाचा एक ढासळलेला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि फटीच्या तोंडाशी ठेवला. मग दुसरा आणला.

"लोकांना वळसा पडेल," मी म्हणाले.

"पडू दे. तू तो मोठा धर, मला एकटीला उचलत नाही."

मी फडकं खाली ठेवलं आणि दगडाची दुसरी बाजू धरली.